पगार थांबल्यानंतरचा महिना

नोकरी सोडल्यावर सुरुवातीचे आठवडे सुट्टीसारखे जातात. राहिलेली झोप पूर्ण होते, कपाटे आवरली जातात, एखादा प्रवास होतो. मग एखाद्या महिन्याच्या पाच-सहा तारखेला लक्षात येते की खात्यात काहीच जमा झालेले नाही. दुधाचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कामाच्या मावशींचा पगार मात्र ठरल्या तारखेला समोर आलेले असतात. पगाराने इतकी वर्षे आपली किती सोय केली, हे त्या दिवशी कळते. महिन्याला किती खर्च करायचा याची मर्यादा तो घालत होता, दिवसाला आकार देत होता आणि नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आपला वेळ किती गृहीत धरायचा हेही ठरवत होता. पन्नाशीत किंवा त्याआधी नोकरी सोडणाऱ्याला ही सारी व्यवस्था स्वतः उभी करावी लागते. पुरेसे पैसे असूनही लवकर निवृत्ती काहींना का मानवत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

आपल्याकडे लवकर निवृत्ती नवी नाही. नव्वदच्या दशकात मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतलेली माणसे पुष्कळ घरांत होती. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी मोठी योजना आणली. पंधरा वर्षे सेवा किंवा वयाची चाळिशी पूर्ण केलेल्यांना ती खुली होती. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकी कमी असेल ती रक्कम हातात पडत होती. देशभरात एक लाखाहून अधिक बँक कर्मचारी त्या योजनेत बाहेर पडले. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून पन्नाशी ओलांडलेले ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, ती वाट तर कितीतरी जुनी आहे. अलीकडे यात आयटीतली आणि खासगी कंपन्यांतली मंडळी आली. त्यांना कुणी योजना देत नाही. ती स्वतःच हिशोब मांडतात आणि एक दिवस राजीनामा देतात.

या मंडळींच्या बोलण्यात ‘पंचवीस पट’ हा आकडा हमखास येतो. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम साठली की झाले, अशी ती मोजणी. तिचे मूळ अमेरिकेत आहे. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर बाजाराचे आणि महागाईचे १९२६ पासूनचे आकडे तपासले आणि पहिल्या वर्षी चार टक्के रक्कम काढून पुढे महागाईप्रमाणे ती वाढवत नेली तर तीस वर्षे पैसा पुरतो, असे दाखवले. चार टक्क्यांचे उलट म्हणजे पंचवीस पट. हिशोब चोख होता, पण तो अमेरिकी महागाईचा होता आणि साधारण पासष्टीला निवृत्त होणाऱ्याचा होता. पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्या पुणेकराने किंवा नाशिककराने तो जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे.

किती वर्षांची तरतूद करायची, याचा विचार करताना महर्षी धोंडो केशव कर्वे आठवावेत. ते १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. महिला विद्यापीठ त्यांनी त्यानंतर, १९१६ मध्ये स्थापन केले. भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, आणि निधन झाले १९६२ मध्ये. नोकरी संपल्यावर अठ्ठेचाळीस वर्षे! सगळेच शंभरी गाठणार नाहीत हे उघड आहे. पण पन्नाशीच्या निरोगी जोडप्यातले एक जण नव्वदीपर्यंत जगेल असे धरूनच हिशोब करावा. आणि बहुतेक घरांत बायको नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते. तेव्हा ही मोजणी तिच्या आयुष्याची करायची, नवऱ्याच्या नव्हे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक घरांतले तक्ते पुरुषाच्या वयाशी येऊन थांबतात.

आता खर्चाची वही उघडू. समजा पुण्यातले स्वतःच्या घरात राहणारे जोडपे आहे, कर्ज फिटलेले आहे. महिन्याचा खर्च विचारला तर बहुतेक जण पटकन सांगतील, पंचेचाळीस हजार. त्यात किराणा, भाजी, दूध, गॅस, लाइट बिल, मोबाइल-इंटरनेट, पेट्रोल, मावशींचा पगार, औषधे, बाहेरचे खाणे असे सगळे आले. राहिले ते वर्षातून एकदा-दोनदाच येणारे. मिळकतकर, आरोग्य विम्याचा हप्ता, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, दिवाळीची खरेदी आणि मावशींचा बोनस, लग्नसराईतले आहेर, गावाकडच्या देवाचे कुळधर्म, एक प्रवास, दातांचे काम, बंद पडलेले वॉशिंग मशीन. वर्षभराच्या पासबुकात हे खर्च शोधून बेरीज केली तर एक लाख ऐंशी हजार सहज निघतात. त्याला बाराने भागा, पंधरा हजार. म्हणजे या घराचा खरा खर्च महिना साठ हजार आहे. नोकरीत असताना हे पंधरा हजार जाणवत नव्हते, कारण बोनस, एलटीए किंवा थकबाकी यातून ते परस्पर भागत होते.

साठ हजार म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार. पंचवीस पट केली तर एक कोटी ऐंशी लाख होतात. तीस पट केली तर दोन कोटी सोळा लाख. आपल्याकडची महागाई आणि चाळीस वर्षांचा पल्ला पाहता तीस पटींच्या खाली मी तरी समाधान मानणार नाही, पस्तीस असतील तर उत्तम. महागाईचे गणित कागदावर करून पाहण्यासारखे आहे. बहात्तरला महागाईच्या दराने भागले की खर्च दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. सहा टक्के धरले तर बारा वर्षे. पन्नासाव्या वर्षीचे साठ हजार बासष्टीला एक लाख वीस हजार, चौऱ्याहत्तरीला दोन लाख चाळीस हजार आणि शहाऐंशीला चार लाख ऐंशी हजार होतात, तेही राहणीमान तसूभरही न वाढवता. सगळे पैसे मुदत ठेवीत घालून व्याजावर जगू म्हणणाऱ्याची अडचण या ओळीत दिसते. व्याज तेवढेच राहते, खर्च वाढत जातो. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च ठेवीत आणि उरलेल्यातला बराच भाग वाढणाऱ्या गुंतवणुकीत, अशी विभागणी करावी लागते. बाजार कोसळलेल्या वर्षी शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून किराणा भरायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ती ठेव.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते. ठेवीतल्या त्या रकमेतून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या वेगळ्या खात्यात आपोआप जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. स्वतःला पगार द्यावा. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, त्यात वाढ करावी. मोठा साठा रोज डोळ्यांसमोर असला की माणूस दोन टोकांना जातो. कुणी ‘आहेत की’ म्हणत हात सैल सोडतो, कुणी दर शंभराच्या नोटेला घाबरू लागतो. दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि तो घरच्यांना अधिक त्रास देतो. आयुष्यभर बचत करणाऱ्याला बचत मोडून खाणे हे पापच वाटते. ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी आली की ती निःशंक मनाने खर्च करता येते.

सवलती आणि योजनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी वयाची अट आधी वाचावी. पन्नाशीतला निवृत्त माणूस सरकारच्या लेखी ज्येष्ठ नागरिक नसतो. ठेवींवर मिळणारे जादा व्याज साठीनंतरचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही साठीनंतरचीच. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्तीची रक्कम मिळालेल्यांना ती खुली आहे, पण रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे गुंतवावे लागतात. २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख झाली आहे. खासगी नोकरीतले ईपीएफ पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर मागितले तर मिळते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी चार टक्के कपात होते. शिवाय पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर मोजलेले ते पेन्शन मुळातच तुटपुंजे असते, त्यामुळे या कपातीत पडू नये असे माझे मत आहे. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पुरुषाला मात्र पासष्टीची वाट पाहावी लागते. सत्तरीनंतर आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार उत्पन्नाची अट न ठेवता मिळू शकतात, पण पन्नाशीच्या माणसाला तिथे पोचायला वीस वर्षे आहेत.

त्या वीस वर्षांचे संरक्षण म्हणजे स्वतःचा आरोग्य विमा. कंपनीची ग्रुप पॉलिसी बहुधा शेवटच्या कामाच्या दिवसाबरोबर संपते. तोवर मधुमेह किंवा रक्तदाब मागे लागलेला असतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा ठेवता येते. २०२४ पूर्वी ती चार वर्षे होती. म्हणजे स्वतःची पॉलिसी नोकरी सोडण्याच्या तीन वर्षे आधी काढली, तर राजीनाम्याच्या दिवशी प्रतीक्षा संपलेली असते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढा भार हलका झाला. हे काम पुढे ढकलू नका. पैशाच्या बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

आता घरात येऊ. नवरा निवृत्त आणि बायको गृहिणी असेल, तर त्या घराचा दिवसाचा कारभार पंचवीस-तीस वर्षे तिने एकटीने लावलेला असतो. अकराला स्वयंपाक आटोपून तिचा भिशीचा किंवा भजनी मंडळाचा वार असतो, दुपारी दीड तास तिच्या मालकीचा असतो. त्यात अचानक एक माणूस सकाळी दहाला पुन्हा चहा मागू लागतो, फोडणीत मोहरी किती यावर बोलू लागतो, कुकरच्या शिट्ट्या मोजू लागतो. मदतीच्या भावनेने केलेली असली तरी ही ढवळाढवळच असते. इथला शिष्टाचार सोपा आहे. एखादे काम संपूर्णपणे आपल्या अंगावर घ्यावे. भाजी आणायची तर निवडून, धुऊन, फ्रीजमध्ये ठेवण्यापर्यंत सगळे आपणच करावे. संध्याकाळचा स्वयंपाक घ्यायचा तर ओटा पुसण्यापर्यंत घ्यावा. ‘सांग काय करू’ असे दर वेळी विचारणे म्हणजे विचार करण्याचे काम तिच्याकडेच ठेवणे. आणि तिची दुपार तिला द्यावी. नोकरीतून निवृत्ती तुम्हाला मिळाली, तिला स्वयंपाकघरातून कुणी दिलेली नाही, हे लक्षात ठेवून महिन्याचे काही दिवस डबा लावला किंवा पोळ्यांना बाई ठेवली, तर तो खर्च वहीत आनंदाने लिहावा.

बायको अजून नोकरीत असेल आणि नवरा घरी, तर नियम उलटा. तिचा सकाळचा डबा, मुलाच्या क्लासची फी, गॅसवाल्याची वेळ, सासूबाईंची औषधे ही कामे आता घरी असलेल्याची. ती संध्याकाळी सातला दमून आल्यावर तिला दिवसभराचे ताजे प्रश्न ऐकवू नयेत. आपण दिवसभर बोललेलो नसतो, ती दिवसभर बोलून आलेली असते.

खर्च कमी करताना पहिली कुऱ्हाड मावशींच्या पगारावर घालायची सवय काही घरांत आहे. ‘आता घरी आहोतच तर भांडी आपणच घासू’ असे ठरवायला हरकत नाही, पण तो निर्णय एका महिन्याची आगाऊ कल्पना आणि राहिलेला बोनस देऊन करावा. तिच्या घरखर्चाच्या वहीत आपली रक्कम लिहिलेली असते. ती काम करत असताना सुट्ट्या मोजत समोर बसून राहू नये, हेही त्यातच आले.

घराबाहेर पडताच पहिला प्रश्न येतो, ‘सध्या काय करता?’ उत्तर एका वाक्यात आणि न लाजता द्यावे, ‘नोकरी सोडली, आता घरी असतो, सकाळी ग्रंथालयात जातो’ किंवा जे असेल ते. सल्लागार वगैरे शब्द खरे असतील तरच वापरावेत. मुलाचा किंवा मुलीचा विवाहस्थळासाठी बायोडाटा करताना वडिलांच्या नावापुढे ‘निवृत्त’ लिहावे की नाही यावर घरांत चर्चा होते. लिहावे, आणि कुठून निवृत्त तेही लिहावे. लपवलेली गोष्ट पहिल्या बैठकीत बाहेर येते आणि मग नको त्या शंका निघतात.

यानंतर सोसायटी. ‘काका, तुम्ही घरीच असता ना?’ या प्रश्नाला तयार राहा. कुणाचे कुरिअर घ्यायचे असते, कुणाची किल्ली ठेवायची असते, कुणाच्या मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचे असते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवपदासाठी सगळ्या माना आपल्याकडे वळतात. नातेवाइकांत कुणी आजारी पडले की रुग्णालयात दिवसा थांबायला आपलेच नाव पुढे येते. यातली बरीच कामे करावीत, माणसे यातूनच जोडली जातात. पण आठवड्यातले दोन दिवस स्वतःसाठी राखून ठेवावेत आणि त्या दिवशी ‘मंगळवारी मला जमत नाही’ एवढेच म्हणावे. कारण देत बसले की समोरचा ते कारण खोडून काढतो. सचिवपद घ्यायचे तर एकाच मुदतीपुरते घ्यावे.

जुन्या सहकाऱ्यांशी वागताना उलट बाजूने विचार करावा. आपला वेळ मोकळा झाला, त्यांचा नाही. कामाच्या दिवशी दुपारी बाराला फोन करू नये, जुन्या ऑफिसात सहज म्हणून टेबलापाशी जाऊन बसू नये, लवकर सुटल्याचा आनंद सोमवारी सकाळी ग्रुपवर फोटोंनी साजरा करू नये. ज्यांच्यावर घराचे हप्ते आहेत, मुलांची शिक्षणे आहेत, त्यांना तो टोचतो. भेटायचे तर त्यांच्या सोयीच्या शनिवारी भेटावे, आणि हॉटेलचे बिल पूर्वीसारखेच वाटून घ्यावे. ‘तू आता पगारात नाहीस’ म्हणून कुणी बिल भरू लागला तर एकदा भरू द्यावे, पुढच्या वेळी न विसरता आपण भरावे.

व्हीआरएसची रक्कम आल्याची बातमी गणगोतात वेगाने पसरते. मग उसन्या पैशांची मागणी येते, पुतण्याच्या दुकानासाठी, मेहुण्याच्या बांधकामासाठी. कारखान्यांतून निघालेल्या अनेक कुटुंबांची पुंजी अशाच वाटांनी गेली. पहिले सहा महिने कुणालाही पैसे द्यायचे नाहीत आणि कोणत्याही धंद्यात घालायचे नाहीत, हा नियम घरात आधीच ठरवून घ्यावा आणि विचारणाऱ्याला तसाच सांगावा. त्यानंतर मदत करायची तर परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी, आणि मनात ती देणगी म्हणूनच धरावी. आहेराचेही तसेच आहे. नात्याच्या जवळिकीप्रमाणे तीन रकमा ठरवून टाकाव्यात, म्हणजे प्रत्येक पत्रिकेला घरात वाद होत नाही. नोकरीतल्या काळात दिलेल्या मोठ्या आहेरांशी बरोबरी करत राहण्याचे बंधन कुणीही घातलेले नाही.

काही जण एकदम न सोडता हळूहळू बाहेर पडतात. आठवड्यातले तीन दिवस काम, एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे, जुन्याच कंपनीचे वर्षभराचे सल्ल्याचे काम. ही वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. महिन्याला पंचवीस हजार जरी येत राहिले, तरी आपल्या उदाहरणातल्या घराला साठाऐवजी पस्तीस हजारच साठ्यातून काढावे लागतात. पहिल्या पाच-सात वर्षांत बाजार पडला तर साठ्याला बसणारी झळ त्यामुळे पुष्कळ कमी होते. फक्त कामाचे दिवस आणि मोबदला आधी लेखी ठरवावेत. ओळखीतल्या कामाचे पैसे मागायला संकोच वाटतो, आणि मग तीन दिवसांचे काम अर्ध्या मोबदल्यात सहा दिवस पुरते.

उरलेल्या वेळात काय करायचे, यावर फार सांगण्याची गरज नाही. शनिवार-रविवारी गर्दीने भरलेला सिंहगड बुधवारी सकाळी मोकळा असतो, कोकणातल्या खोल्या आठवड्याच्या मध्ये स्वस्त मिळतात, ठाण्याच्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांना वाचक हवेच असतात. मोठे काम करायचे असेल तर गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण समोर आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करत. गोखले १९०२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. प्रत्येकाने संस्था काढावी असे नाही. एक काम मात्र असे असावे, ज्यासाठी आपण ठरल्या वेळी घराबाहेर पडतो आणि न गेल्यास कुणीतरी विचारणा करते.

नोकरी सोडायचा विचार पक्का होत आला असेल, तर राजीनाम्याआधी सहा महिने ठरवलेल्या रकमेतच घर चालवून पाहा. पगारातली उरलेली रक्कम आली त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात वळवा आणि तिला हात लावू नका. त्या सहा महिन्यांत एखादी दिवाळी किंवा घरातले लग्न येऊ द्या. शेवटी जोडीदाराला आणि कळत्या मुलांना जवळ बसवून आकडे दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्या. त्यांच्यापैकी एकाचाही जीव धास्तावलेला दिसला, तर तारीख एक वर्ष पुढे ढकला.